नववीच्या वर्गातली आजी

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली अनसिंगजवळच्या आमच्या गावच्या शाळेला सरकारनं रेडिओ दिला. वर्गात लावून मुलांना शिकवा, असा हुकूम होता. हेडमास्तर शेषराव हुकुमाचे पक्के. त्यांनी रेडिओला हार घातला, नारळ फोडला, बायकोकडून भरतकामाचं झाकण शिवून घेतलं आणि रेडिओ ऑफिसातल्या कपाटात कुलूपबंद केला. बाहेर काढला तर बिघाड होईल, म्हणायचे. रेडिओत की पोरांत, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही.

पुढे साहेब तपासणीला येणार असं कळलं आणि तालीम म्हणून एका बुधवारी रेडिओ नववीच्या टेबलावर आला.

नेमकी त्याच वेळी गंगूची आजी भागिरथाबाई शाळेत आली. नववीतल्या गंगूला पाहायला घरी पाहुणे आले होते, आणि तिला घेऊन यायला माणिकरावानं, म्हणजे गंगूच्या बापानं, आजीला धाडलं होतं. हेडमास्तरांनी तिला दारातच थांबवलं. विज्ञानाचा चमत्कार संपला की मुलगी घेऊन जा, म्हणाले.

खरखर झाली आणि एक बाई गोड आवाजात बोलू लागली. विषय होता किशोरवय. या वयात मुलामुलींच्या शरीरात बदल होतात, एवढं ती म्हणते न म्हणते तोच हेडमास्तरांचा हात बटणावर गेला. पुढचे बदल वरिष्ठांच्या परवानगीशिवाय होऊ नयेत, अशा चेहऱ्यानं त्यांनी वर्गाकडे पाहिलं. मुलींना बाहेर काढलं. मुलांना तेराचा पाढा म्हणायला लावला.

"बंद काहून केलं जी गुरुजी?" आजीनं दारातून विचारलं.

हे एका नाजूक वयाबद्दल आहे, असं ते कसंबसं पुटपुटले.

"मंग त आयकूच द्या. मले ते वय आलंच नाही. परकर सोडला अन् लुगडं नेसवलं. मंधात काय असते, कोनी सांगतलंच नाही."

आजी आत येऊन बाकावर बसली. सोबतीला म्हणून तिनं गंगूला बोलावलं, आणि गंगूच्या सोबतीला बाकीच्या पोरी आत आल्या. आजीला बाहेर कसं काढावं, हे एकाही परिपत्रकात नव्हतं. हेडमास्तरांनी रेडिओ लावला आणि स्वतः भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून उभे राहिले. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांची आफ्रिका पाठ झाली. या वयात पोरींना शिकू द्या, लग्नाची घाई करू नका, असं शेवटी ती बाई म्हणाली.

घरी आजीनं माणिकरावाला आत बोलावून सांगितलं, पोरीचं लग्न मॅट्रिकनंतर. तो भडकला. हे कोणी शिकवलं, म्हणाला.

"रेडिओनं," आजी म्हणाली.

आईचं त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण पावसाचा अंदाज तो रेडिओचाच मानायचा, पाऊस मानत नसला तरी. पाहुणे चहा पिऊन परत गेले.

गंगू पुढे मॅट्रिक झाली. तोवर आजी दर बुधवारी वर्गात यायची, आणि रेडिओला कपाटाबाहेर यावं लागायचं. हेडमास्तरांनी वर कळवलं की आपण प्रौढ शिक्षणाचा नवा प्रयोग केला आहे. अकोल्याला त्यांचा सत्कार झाला. यंत्राला घाबरू नका, असं त्यांनी भाषणात सांगितलं.

आजीला कोणी बोलावलं नाही. वाईट वाटलं का, असं गंगूनं विचारलं.

"नाही वं," आजी म्हणाली. "मले बुधवार पुरते."