मधला ठिपका

कापडे गावाजवळच्या त्या वाडीत चाळिशीतली कितीतरी माणसं धाप लागून मरायची. म्हणून पुण्याच्या डॉक्टर प्रियदर्शिनी सगळ्यांचं रक्त घेऊन गेल्या आणि वर्षाने एक तक्ता घेऊन आल्या. तक्त्यावर ठिपक्यांचं नि रेघांचं जाळं. ठिपका म्हणजे शरीरातला एकेक जीन, रेघ म्हणजे त्यांची आपापसातली देवाणघेवाण. मधला मोठा ठिपका बिघडला की साऱ्यांचंच काम बिघडतं आणि हृदय थकतं, असं त्या सांगत होत्या. कुणाच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी वाडीत घरोघरी गोळ्या पोचवणारी आशा सेविका, सारिका, शहाणपणा करायला उठली.

"समजा, हे ठिपके म्हंजे आपली घरं," ती म्हणाली, "नि रेघा म्हंजे आपलं येणंजाणं."

लोकांनी माना डोलावल्या. 'समजा' हा शब्द मात्र कुणी घरी नेला नाही.

तक्ता समाजमंदिरात टांगलेला राहिला. वाडीच्या मधोमध बनुबाईचं घर. तेव्हा मधला ठिपका तिचाच आणि आजार तिथूनच निघतो, असं आठ दिवसांत ठरूनही गेलं. बनुबाईच्या नातीचं, सलोनीचं, वरंधला जमलेलं लग्न मोडायला आलं.

जीन सगळ्यांच्याच अंगात असतात, ही घरं नव्हेत, हे दारोदार सांगून सारिकाच्या तोंडाला फेस आला. "तूच तर बोललीस," एवढंच ऐकून ती परत यायची. अखेर दोन एसट्या बदलून ती वरंधला गेली आणि सलोनीच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या, मालोजींच्या, ओटीवर बसली. पाय सुजलेले. पुन्हा तेच बोलायचं अगदी जिवावर आलं होतं, तरी बोलली.

मालोजींनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, ते अंगातलं राहू दे. बनुबाईचं नाय, तर मधलं घर कोणाचं हाय, तेवढं सांग."

सारिकाला रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. तिचा एकुलता मुलगा दीपेश मुंबईत, दोन पोरांचा बाप. तिच्या घरात आता कुणाचं लग्न जमवायचं राहिलं नव्हतं.

"माझं," ती म्हणाली.

लग्न ठरल्या तारखेला करायचं पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी गोळ्यांची पिशवी घेऊन निघाली. पहिलं घर बनुबाईचं. वरंधचा फोन तिच्या आधी पोचला होता. म्हातारीने दार अर्धंच उघडलं.

"गोळ्या पायरीवर ठेव गो," ती म्हणाली. "घरात लगीन हाय."

सारिकाने गोळ्या पायरीवर ठेवल्या.