गुरुजींचं स्थलांतर

आमच्या घरातला जुना कॉम्प्युटर मेला, तेव्हा सासरे त्याला हरवायच्या बेतात होते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर एका खटाऱ्यासाठी आम्ही सगळ्यांनी एवढा आटापिटा का केला, ते कुणाला कळायचं नाही.

सासरे त्या कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळायचे. कित्येक वर्षं. त्याला ते 'गुरुजी' म्हणत. सुरुवातीला म्हणे गुरुजी अगदीच मठ्ठ होते, सासऱ्यांनी त्यांना रोज धूळ चारली. "मग माझ्याशी खेळून खेळून शहाणा झाला," हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगत. शहाणे झाल्यापासून गुरुजी एकदाही हरले नव्हते. जेवताना सासरे घास हातात धरून म्हणायचे, "काय डोकं आहे गं त्याचं! उंट असा कोपऱ्यातून काढला, मला पत्ताच नाही." यावर सासूबाई म्हणायच्या, "भाजी घ्या."

खेळण्याची सासऱ्यांची एक शिस्त होती. समोरचा विचार करत असताना त्याच्या तोंडाकडे बघत बसणं म्हणजे असभ्यपणा. त्यामुळे आपली चाल केली की ते उठायचे. सकाळची चाल झाली की अंघोळ, संध्याकाळची झाली की फिरायला. जाताना पडद्याला सांगायचे, "घाई नको, गुरुजी." परत येईपर्यंत गुरुजींची चाल झालेली असायची.

आणि या वेळी, शहाणे झाल्यापासून पहिल्यांदा, गुरुजींचा राजा कोंडीत सापडला होता. सासरे झोपेतसुद्धा हसायला लागले. नेमका त्याच आठवड्यात कॉम्प्युटरच्या पाठीमागून फट् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि पडदा काळाठिक्कर पडला.

"हरायची वेळ आली म्हणून प्राण सोडला लबाडाने!" सासरे ओरडले. पण त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग माझा नवरा पुढे सरसावला. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो, त्यामुळे घरात बारीक स्क्रू-ड्रायव्हर आहेत, आणि स्क्रू-ड्रायव्हर आहेत म्हणून आत्मविश्वास आहे. त्याने दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूतून दोन-चार स्क्रू उरतात. ते आम्ही काचेच्या बरणीत ठेवतो. त्याच्या मते बनवणारेच जास्तीचे घालतात. बरणी आता गळ्यापर्यंत भरली आहे.

"बाबा, गुरुजी म्हणजे हा पत्र्याचा डबा नव्हे," तो म्हणाला. "जळलाय तो डबा. गुरुजी आत हार्ड डिस्कमध्ये आहेत. ती काढायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये बसवायची. डाव जिथल्या तिथे मिळेल."

"मग नवा आणू की."

"नव्यात हिची पट्टी बसत नाही. तिच्याच पिढीतला म्हातारा शोधायला हवा."

म्हातारा नणंदेकडे सापडला. तिने त्याच्यावर कुंडी ठेवली होती. कॉम्प्युटर तिने हसत हसत दिला, पण कुंडीसाठी माझं चांगलं स्टूल घेऊन गेली. नणंद ती नणंदच.

दोन्ही डबे जेवणाच्या टेबलावर आडवे झाले. नवऱ्याने झाकणं काढली. आमच्यातून धूळ निघाली आणि नणंदेच्यातून माती. रिबिनीसारखी चपटी पट्टी ओढून, चार स्क्रू काढून त्याने हार्ड डिस्क बाहेर घेतली. वहीएवढीसुद्धा नव्हती ती. सासऱ्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, आपल्या मफलरमध्ये गुंडाळली आणि नवरा दुसऱ्या डब्यात जागा करेपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

"आपटू नका हं," नवरा म्हणाला.

"मी आपटतोय? तुला लहानपणी कधी आपटलं का?"

मला याबद्दल शंका आहे.

सासूबाई मात्र त्या दिवशी फारच अस्वस्थ होत्या. एरवी त्या या फंदात पडत नाहीत. आता सारख्या टेबलाभोवती घिरट्या घालत होत्या. "नीट बसली का? डाव आहे ना तसाच? घोडा आहे ना तिथेच?" मला वाटलं, सासऱ्यांच्या आनंदासाठी बाईचा जीव तुटतोय.

कॉम्प्युटर चालू केला, तर त्याने तीनदा कुई केलं आणि गप्प बसला. नवऱ्याने आतली एक पट्टी काढून खोडरबराने घासली आणि परत खोचली. मग चालू झाला. लगेच पडद्यावर प्रश्नांची फैर सुरू झाली, हे नवीन काय, ते नवीन काय. नवऱ्याने एकही न वाचता सगळ्यांना 'हो' म्हणून टाकलं. आमचं लग्नही त्याने असंच जमवलं होतं.

आणि दिसला! डाव दिसला. राजा, वजीर, कोंडी, सगळं जागच्या जागी. टेबलावर तीन स्क्रू उरले होते, ते मी मुकाट्याने बरणीत टाकले. सासऱ्यांनी मुलाला मिठी मारली. मग खुर्ची ओढली, ठरलेली चाल केली आणि टॉवेलकडे हात नेला.

"थांबा बाबा, उठू नका," नवरा म्हणाला. "हा कॉम्प्युटर आपल्या जुन्यापेक्षा खूप वेगवान आहे. गुरुजी आता चुटकीसरशी उत्तर देतील."

सासरे बसले. गुरुजींनी उत्तर दिलं नाही.

"तुम्ही अंघोळ करून या," सासूबाई म्हणाल्या.

"थांब गं, आत्ता देईल."

चहा झाला. गुरुजी ढिम्म. "पाणी गार होतंय," सासूबाई म्हणाल्या. सासरे हलेनात. थोड्या वेळाने "अंगाला वास येतोय तुमच्या" असंही म्हणून झालं. दुपारचं जेवण सासऱ्यांनी पडद्यासमोरच उरकलं. एकही प्यादं हललं नाही.

"तुझे स्क्रू उरले ना, त्यातलाच एक डोक्याचा असणार," मी नवऱ्याला म्हटलं.

"हार्ड डिस्क ठणठणीत आहे!" तो चिडला. "प्रोग्रॅम बिघडलाय. तो पुसून पुन्हा टाकावा लागेल. पण मग हा डाव जाईल, बाबा."

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"जाऊ दे डाव," ते म्हणाले. "जिंकलो असतो, ते मला माहीत आहे आणि त्यालाही. पण गुरुजी वाचला पाहिजे. अरे, तो नसेल तर सकाळी मी उठू कशासाठी?"

नवऱ्याने माउसला हात घातला.

"खबरदार काही पुसलंस तर," सासूबाई कडाडल्या. त्यांनी पदर खोचला. "सरका."

सासरे बावचळून सरकले. सासूबाई खुर्चीत बसल्या, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, माउस धरला आणि गुरुजींचा घोडा उचलून अडीच घरं पलीकडे ठेवला. राजाला शह, आणि मागे वजीर घोड्याच्या तोंडात.

सासरे पटाकडे बघत राहिले. मग बायकोकडे.

"ही चाल तू कशी केलीस?"

"रोज करते तशी."

"रोज म्हणजे?"

"तुम्ही अंघोळीला गेलात की."

मी हळूच खुर्ची ओढून बसले. हे उभ्याने ऐकण्यासारखं नव्हतं.

"तो कोपऱ्यातला उंट?"

"मीच."

"आणि मी आजारी होतो, तेव्हा गुरुजींनी हत्ती फुकट दिला होता."

"ताप होता तुम्हाला. दया आली."

"पण सुरुवातीला तर तो..."

"तेव्हा खरंच कॉम्प्युटर खेळायचा. बिनडोक मेला. तुम्ही त्याला हरवून जेवताना अशा फुशारक्या मारायचात की घास गिळवेना. एकदा धूळ पुसायला बसले, तर दोन माणसांनी खेळायचं बटण दिसलं. दाबलं."

"मग मला सांगायचंस! समोर बसून खेळलो असतो."

"खेळलो होतो की. लग्न झालं त्या वर्षी. तुम्ही हरलात आणि पट माळ्यावर गेला. अजून तिथेच आहे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. आता आभाळ कोसळणार याची मला खात्री होती. सासरे लाल झाले, मग पांढरे झाले. इतकी वर्षं घास हातात धरून आपण कुणाच्या डोक्याचं कौतुक कुणासमोर करत होतो, ते त्यांना एकेक करून आठवत असणार.

शेवटी ते वाकले. माउस घेतला आणि आपला राजा एक घर बाजूला सरकवला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. मग उठले आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

"बाबा, कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"अंघोळीला. समोरचा विचार करतोय, दिसत नाही का?" दारापाशी ते थबकले. वळले नाहीत, पण आवाज अगदी मऊ झाला होता. "घाई नको, गुरुजी."

न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला. पाठोपाठ सासऱ्यांचं बेसूर गाणंही. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग पटाकडे पाहिलं. वजीर समोर उघडा पडला होता, नुसता उचलायचा होता. तरी त्यांचा हात माउसवर अडखळला.

"सूनबाई," त्यांनी हळूच विचारलं, "ताप नाही ना गं त्यांना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी वजीर उचलला.