पट्टे मानेपासून

डोकं

“मण्यार शे,” धुरपदाबाई फोनमध्ये म्हणाली, आणि पलीकडून ललितचा श्वास ऐकू आला. एरवी त्याच्या फोनमधून नुसता कारखाना ऐकू यायचा.

“कोठे?”

“कपाटना मांगे गयं. काळं. आंगवर पांढरा पट्टा.”

“माय, तू पलंगवर चढी बस. पाय खाले ठेवू नको. मी येस.”

मी येस. किती सहज म्हणाला. त्याचं इच्छापोर सुरतच्या एका टोकाला, तिचं पर्वत पाटिया दुसऱ्या. गणपतीत येतो म्हणाला होता, आला नव्हता. दिवाळीला आला तो हेल्मेट मांडीवर घेऊनच बसला. सुनेची, सोनालीची, आई त्यांच्याकडे राहायला आल्यापासून ‘तू आमच्याकडेच ये’ हे वाक्यही बंद झालं होतं.

धुरपदाबाई पलंगावर पाय वर घेऊन बसली. मांडीवर साडी ओढली आणि उलट्या बाजूचे लोंबते धागे कापत राहिली. पलसाण्याच्या कारखान्यांतून साड्यांचे गठ्ठे यायचे, धागे कापून परत जायचे. नवरा, दगा, मागावर कामाला होता तेव्हापासून ती हे काम करत होती. दगा गेला, काम राहिलं. मध्येच तिच्या लक्षात आलं, आपण केस विंचरून घेतलेत.

ललित कंपनीच्या कपड्यांतच आला. गळ्यात ओळखपत्र तसंच. त्यानं कपाट सरकवलं, सिलिंडर हलवला, साड्यांचे गठ्ठे एकेक करून दारात नेले. जनावर सापडलं नाही. कपाटाखाली एक हिरवी गोटी सापडली.

“ही आजून आठेच?” तो हसला.

“तुन्हीच शे. कोठे जाई ती?”

त्यानं ती खिशात टाकली. मग हात धुतले आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडे बघितलं.

“भाकर टाकू?”

“कळणानी शे का?”

“शे.”

“टाक मंग. ठेचा कर. सोनालीले नही जमत.”

तो तीन भाकरी जेवला. जाताना दाराच्या फटीत चिंधी कोंबली, आणि उद्या पुन्हा बघून जातो म्हणाला.

मान

सकाळी शेजारणीनं चैतालीला बोलावून आणलं. मागच्या गल्लीतली मुलगी. कॉलेजात जायची आणि साप पकडायची. तिच्या आईला यातलं दुसरं मान्य नव्हतं.

चैतालीनं टॉर्च मारत खोली फिरून बघितली. दाराच्या चौकटीशेजारी सिमेंट निघालं होतं, तिथं ती थांबली. खाली वाकली. मग हसली.

“मासी, तुम्ही उगाच रात्रभर जागल्या. हा कवड्या.”

“मण्यार नही?”

“मण्यारचा ड्रेस घातलाय त्यानं फक्त. ह्याला विष नसतं. चावला तर रक्त येईल थोडं, बस. या ना, बघा. घाबरू नका, मी आहे.”

धुरपदाबाईनं वाकून बघितलं. भोकात चपटं, तपकिरी डोकं होतं. मानेवर पांढरट पट्टा, त्यामागे दुसरा, मग तिसरा.

“पट्टे कुठून सुरू होतात ते बघायचं,” चैताली म्हणाली. “ह्याचे मानेपासून. गच्च. आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचं उलटं. मानेजवळ काळाभोर, आणि खाली जावं तसे पट्टे स्पष्ट. पण अंधारात कोण बघत बसतं?”

धुरपदाबाईला ते लगेच कळलं. हलक्या साड्या अशाच यायच्या. पदराला काम गच्च, आत निऱ्यांमध्ये जाईल तिथे एखादं फूल. बघणाऱ्याला भरलेली वाटली म्हणजे झालं.

“पण असं सोंग कसाले घेस तो?”

“लांब राहावं ना सगळ्यांनी. मुंगूस म्हणा, पक्षी म्हणा, विषारी समजून वाटेला जात नाहीत. माणसाचं तेवढं उलटं. माणूस घाबरला की काठी आणतो.” चैतालीनं टॉर्च बंद केली. “पकडू का? लांब सोडून येते.”

धुरपदाबाईनं दाराच्या फटीतल्या चिंधीकडे बघितलं. ललित आज पुन्हा येणार होता.

“राहू दे,” ती म्हणाली. “पाली खास ना तो? खाऊ दे. पाली भलत्या व्हयेल शेत.”

“नक्की? मुलगा घाबरला होता ना तुमचा?”

“त्याले मी सांगसू.”

पाठ

“माय, आज दिसनं का?”

“दिसनं. शेपूट दिसनी.”

“कोनी सापवाला बोलावना का तू?”

“एक पोर उनी व्हती. तिले नही सापडनं.”

एवढं खोटं पुरत होतं. ललित एक दिवसाआड येऊ लागला. कधी कामावरून सुटल्यावर, कधी कामावर जाण्याआधी, कधी अर्ध्या दिवसाचा पगार सोडून. एकदा दाराला खालून रबराची पट्टी ठोकली. एकदा मोठा बल्ब आणला. एकदा काहीच न आणता आला आणि पलंगावर आडवा पडून मुकादमाला शिव्या देत राहिला. तिनं त्याच्या डोक्याला तेल लावलं. टाळूवर केस विरळ झाले होते. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“एकली कशी राहशी तू आठे?” तो डोळे मिटून म्हणाला.

“राहस ना.”

“भ्याव नही वाटत?”

“वाटस,” ती म्हणाली. हे खोटं नव्हतं.

तो नसायचा तेव्हा कवड्या असायचा. दिवेलागणीला भोकातून डोकं काढायचा, चौकट धरून वर सरकायचा. भिंतीवर असा चढायचा की जणू भिंतच त्याला वर घेतेय. धुरपदाबाई धागे कापता कापता त्याच्याशी बोलायची. आधी ती पालींशी बोलायची. आज नळाला पाणी येणार नाही, असं म्हटलं आणि पाल चुकचुकली, की बोट जमिनीवर तीनदा वाजवायचं: खरं रे बाबा. आता पाली दिसेनाशा झाल्या. बोललेलं खरं की खोटं, सांगायला कुणी उरलं नव्हतं.

चौकटीजवळ एकदा त्याची कात सापडली. पातळ, पांढरी. खवल्यांची जाळी होती तशीच्या तशी, रंग जवळजवळ नव्हता. ही बघून कुणी म्हणालं नसतं मण्यार. कुणी पळालं नसतं, कुणी आलंही नसतं. तिनं ती घडी घालून कपाटात ठेवली.

पोट

त्या संध्याकाळी ललित जेवत होता. मुलीला शाळेत नाचात घेतलंय, रविवारी घेऊन येतो, असं सांगत होता. “पन जनावर सापडू दे. सोनाली तोपर्यंत पोरीले आठे धाडाव नही.”

“बरं,” धुरपदाबाई म्हणाली. हे तिनं धरलंच नव्हतं हिशेबात. ज्यानं मुलगा येत होता, त्यानंच नात यायची थांबली होती.

ललितच्या हातातला घास हातातच राहिला.

दाराजवळ, नव्या मोठ्या बल्बच्या उजेडात, कवड्या फरशीवर उतरला होता.

“माय, मांगे हो.”

त्यानं तिला दंडाला धरून आपल्या पाठीमागे ओढलं. कपाटाला टेकवलेला लोखंडी पाइप घेतला. मागच्या खेपेला त्यानंच आणून ठेवला होता. पायात काही नव्हतं. धुरपदाबाईला त्याच्या पाठीवरचा घाम दिसत होता. दगा गेल्यापासून कुणी तिच्या आणि कशाच्या मध्ये असं उभं राहिलं नव्हतं.

“लल्या, मारू नको.”

“का?”

तिनं मागून त्याचा शर्ट धरला.

“नाग थोडाच शे, पाप लागाले?” त्यानं मान न वळवता विचारलं. “मण्यार शे ना, माय?”

साप भिंतीच्या कडेला थांबला होता. मानेजवळचे पट्टे सरळ दिसत होते. बघायचं ठाऊक असलेल्याला दिसावेत इतके सरळ. नही म्हणायचं. एवढंच. मग तो वळेल. तुले कोनी सांगं, म्हणेल. कधी सांगं, म्हणेल. मग ठोकलेली पट्टी, बल्ब, अर्ध्या पगारी दिवस, सगळं त्याच्या तोंडावर एकदम येईल. मग हेल्मेट.

“सांग ना माय, शे ना?”

“शे,” धुरपदाबाई म्हणाली.

पाइप तीनदा खाली आला. पहिल्यालाच झालं होतं. पुढचे दोन भीतीचे.

शेपूट

ललितनं त्याला साडीच्या रिकाम्या पिशवीत भरलं. पिशवीतून शेपूट बाहेर राहिली होती. तपकिरी, सपाट, एकही पट्टा नसलेली. त्याचं लक्ष नव्हतं.

“आते बिनघोर झोप,” तो म्हणाला. खूप दिवसांनी मोकळा हसला. पाया पडला. भाकर ताटात अर्धी राहिली होती.

*

“माय, बरी शे ना?”

“शे.”

“काही लागनं तर फोन कर.”

“रविवारे पोरीले लई येशी ना?”

“दखस. ओव्हरटाइम शे.”

*

महिन्यानं असेल. संध्याकाळी ती गठ्ठा सोडून बसली. साडी उलटी केली, पहिला धागा कापला.

“तो कवड्या व्हता,” ती खोलीला म्हणाली.

बल्बमागून पाल चुकचुकली.

धुरपदाबाईनं कात्री खाली ठेवली. दाराजवळ पाइपानं एक फरशी फुटली होती. तिथं जाऊन बसली, आणि बोट तीनदा वाजवलं.