बाजी खोताची दोन मिनिटे

ज्या दोन मिनिटांच्या शिक्षेसाठी मी कोंडवाड्यात बसलो होतो, ती मिनिटे सुरू झाली तेव्हा मला दाढी नव्हती. ती छातीपर्यंत आली तरी भिंतीवरच्या घड्याळात अजून काही सेकंद शिल्लक होते. शिक्षा माझी नव्हती.

तासगावच्या बाहेर बेदाण्याचे एक मोठे शीतगृह आहे. उन्हाळ्यात ते खोक्यांनी छतापर्यंत भरते. दिवाळीनंतर माल उठला, की फरशीवर पाणी सोडून त्याचा बर्फ करतात आणि त्या बर्फावर आमचा संघ हॉकी खेळतो. मी हा खेळ बाजार समितीच्या लिलावाच्या शेडमध्ये, चाकांच्या स्केट्सवर शिकलो. संघात पगारी खेळाडू म्हणून माझी निवड झाली, त्या दिवशी चाकांच्या जागी पाती आली. उभे राहताच मला वाटले, की आजवर मी काहीतरी खरखरीत बोलत होतो आणि आता प्रथमच हळू आवाजात बोलता येणार आहे. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

या खेळात कोणी काठीने दुसऱ्याला मारले, तर त्याला दोन मिनिटे काचेच्या एका लहान खोलीत बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. त्या खोलीला आमच्याकडे सगळे कोंडवाडा म्हणतात. गोलरक्षकाला मात्र तिथे पाठवत नाहीत. त्याने मारले, तर त्याच्या वतीने संघातला दुसरा कोणीतरी बसतो.

आमचा गोलरक्षक बाजी खोत. पहिल्याच सामन्यात त्याने विट्याच्या संघातल्या सावंतच्या घोट्यावर काठी मारली. प्रशिक्षक गुरव सरांनी बाकावरून नजर फिरवली. बाकीच्यांनी बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. माझ्या नाड्या आधीच बांधलेल्या होत्या.

"तू जा," सर म्हणाले. "दोन मिनिटांचा तर प्रश्न हाय."

बाकामागच्या बोळातून मी कोंडवाड्यात गेलो. सामन्यात बर्फाला माझा पाय अजून लागला नव्हता.

तिथून सुटण्याचे मार्ग दोनच. मिनिटे संपावी लागतात, नाहीतर समोरच्या संघाने आपल्यावर गोल करावा लागतो. या खेळात चेंडूऐवजी रबराची चकती असते; ती फिरत असते तोवरच घड्याळ चालते. बाजी मात्र आलेली प्रत्येक चकती हातमोज्यात धरतो आणि अंगाखाली दाबून आडवा होतो. शिटी वाजते, घड्याळ थांबते. शेवटचे सेकंद जवळ आले, की तो गोलापुढे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी पायावर काठी मारतो आणि माझ्या खात्यात नवी दोन मिनिटे पडतात. हंगाम संपला, की मुख्य बटण बंद होते, घड्याळ विझते आणि माझ्याभोवती बेदाण्याची खोकी रचली जातात. त्या महिन्यांत गोडसर वास येतो. मी अंधारात बसून राहतो. तक्रार करावी असे त्यात काही नसते.

कोंडवाड्याच्या दाराची कडी लिंगाप्पामामांकडे असते. पूर्वी ते नगरपालिकेच्या खऱ्या कोंडवाड्यावर होते.

"तितं म्हससुदिक दोन दिसांत सुटायची," ते एकदा म्हणाले.

"कशी?"

"मालक यायचा की तिचा."

त्यांनी तंबाखू मळली आणि घड्याळाकडे पाहिले. ते थांबलेले होते.

सावंत शिक्षेला आला, की शेजारच्या खोलीत बसतो. आमच्यामध्ये एक काच आहे. तो येतो, घाम पुसतो, सुटतो, पुन्हा येतो. मधल्या काळात त्याचे लग्न झाले, मुलगी झाली.

"अजून हितंच व्हय रं?" तो विचारतो. "घर बांध की लेका. नळाचं मी बघतो."

"जागा कमी आहे," मी म्हणतो.

हे मी विनोदाने म्हणत नाही. मी आलो तेव्हा या बाकावर चार माणसे बसू शकली असती. नंतर भिंती जवळ येऊ लागल्या. आधी हेल्मेट ठेवायची जागा गेली, मग काठी आडवी ठेवता येईना. शेवटी श्वास आत घेतला, की दोन्ही बाजूंची काच खांद्यांना लागू लागली. म्हणून मी थोडा थोडा घेत असे.

संघ मात्र जिंकत होता. बाजीवर एकही गोल झाला नव्हता आणि माझेही नाव होऊ लागले होते. एका वर्षी बाजार समितीच्या सभापतींच्या हस्ते माझा सत्कार झाला. दार उघडणे नियमात बसत नसल्यामुळे शाल आणि श्रीफळ काच आणि छत यांमधल्या फटीतून आत सोडण्यात आले. सभापती म्हणाले, की असे बसणारे आता राहिले नाहीत. टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला आणि डोके छताला लागल्यामुळे पुन्हा बसलो. त्या रात्री मला कळले, की माझी कारकीर्द उत्तम चालली आहे.

आबा प्रत्येक सामन्याला येत. ते माझे वडील. बसस्थानकासमोर त्यांचे शिंप्याचे दुकान आहे आणि संघाचे सगळे सदरे त्यांनीच शिवले आहेत. माझा सदरा त्यांनी सर्वांत शेवटी शिवला. पाठीवरचा आकडा मशीनवर न लावता हाताने टाके घालून लावला. मी घालून उभा राहिलो, तर त्यांनी दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि मान हलवली.

"आत्ताच काय कळत न्हाय," ते म्हणाले. "उभ्या माणसावर समदंच बरं दिसतं. तू पळाय लागलास की शिवण बोलंल."

ती शिवण ऐकण्यासाठी ते प्रेक्षकांच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसतात. माझी पाठ मात्र भिंतीला टेकलेली असते.

शीतगृहात फार वेळ बसणारी माणसे पातळ होत जातात. हे तासगावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लोक मध्यंतर झाले, की चहाला म्हणून उठतात आणि परत येत नाहीत. आबा उठत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या मफलरवर पांढरे आले. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या कानांतून मागचा दिवा दिसू लागला. त्यांच्या मागच्या भिंतीवर ठिबक सिंचनाची जाहिरात रंगवली आहे. गेल्या वर्षी त्यांच्या छातीतून ती मला धूसर दिसत होती. यंदा मी तिच्यातला दूरध्वनी क्रमांक वाचू शकलो.

त्यानंतर मी प्रथमच कोणाकडे काही मागितले. मध्यंतरात बाजी पाणी प्यायला कोंडवाड्याजवळ येतो. मुखवटा वर करून तो काचेला टेकतो आणि वरच्या फटीतून थोडे बेदाणे माझ्याकडे टाकतो. तो वाईट माणूस नाही.

"बाजीदा," मी म्हणालो, "एक सोड."

"काय सोडू?"

"एक गोल."

त्याने पाण्याची बाटली खाली ठेवली.

"तू हायस म्हणून मी मारतो, ठावं हाय तुला," तो म्हणाला. "दुसरा कोण असता तर मारलं नसतं."

"माहीत आहे."

"आन सोडायचं म्हणशील तर ते माझ्या हातात न्हाय. चकती आली की हात जातो. मी इचार करंस्तवर गेल्याला असतो."

मी आबांकडे बोट दाखवले. बाजीने वळून पाहिले. त्याने डोळे बारीक केले, मग मोठे केले.

"तितं कोण बसलंय?"

"आबा."

"जाहिरात दिसती मला."

"आबा आहेत," मी म्हणालो.

त्याने मुखवटा खाली ओढला आणि तो गोलाकडे गेला.

त्या दिवशीचा सामना विट्याविरुद्धच होता. सावंतने दुरून एक चकती सोडली. ती इतकी मंद होती, की तिच्यामागे बर्फावर ओढली जाणारी रेघ सगळ्यांना दिसत होती. लिंगाप्पामामांची तंबाखू मळून झाली तरी ती पोहोचली नव्हती. बाजीचा उजवा हात निघाला. त्याने तो डाव्या हाताने मनगटाशी धरला. उजवा हात सुटण्यासाठी धडपडत होता आणि बाजी त्याला छातीशी दाबून, लहान मुलाला जत्रेत घट्ट धरावे तसा, मान खाली घालून उभा होता. चकती त्याच्या दोन पायांमधून आत गेली.

गोल झाला की लागणारा आमच्या गोलामागचा लाल दिवा आजवर कधीच लागला नव्हता. तो लागायला वेळ लागला.

"सुटलास," लिंगाप्पामामा म्हणाले. त्यांनी कडी काढली. दार हलेना. त्यांनी खोकी उघडायची पहार आणली आणि दार चौकटीपासून सोडवले. मी आडवा होऊन बाहेर सरकलो आणि बर्फावर उभा राहिलो. पाती बोथटलेली असतील असे मला वाटले होते. ती नव्हती.

मी वर पाहिले. आबा उठून उभे राहिले होते. मफलर आणि चष्मा, यांवरून ते उभे आहेत हे कळत होते.

तेवढ्यात शिटी झाली. बाजीने आपला उजवा हात सोडला होता, आणि इतका वेळ अडवून धरलेल्या त्या हाताने सावंतच्या खांद्यावर काठी मारली होती. सावंत बर्फावर बसला होता आणि त्याला राग आलेला दिसत नव्हता.

"दोन मिनिटं," पंच म्हणाले. "गोलरक्षकाची."

गुरव सरांनी बाकाकडे पाहिले. बाक रिकामे होते. बाकीचे खेळाडू कोणत्या हिवाळ्यात निघून गेले, हे माझ्या लक्षात आले नव्हते. बर्फावर होते तेवढेच उरले होते. सरांची नजर फिरत माझ्यावर येऊन थांबली. त्यांना वाईट वाटत होते.

"दोन मिनिटांचा तर—" ते म्हणाले.

"मी बसतो," वरून आवाज आला.

आबा पायऱ्या उतरत होते. प्रत्येक पायरीवर ते थोडे थांबत, पाय पोहोचला का ते पाहत. लिंगाप्पामामांनी दारात हात आडवा केला.

"आबा, हितं संघाचाच माणूस लागतो."

"ह्यांच्या अंगावरचं कुणी शिवलंय?"

मामांनी पंचांकडे पाहिले. पंच नियम आठवत उभे राहिले. तो त्यांना आठवला नाही.

"आबा, तुम्ही वरच बसा," मी म्हणालो. "बघायला आला होतात ना."

"मग? हितनं जवळनं दिसंल."

"आत गेल्यावर लवकर सोडत नाहीत."

"मला कुटं जायचंय?" ते म्हणाले. त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली, टाके पाहिले, सोडली. "दाढी तेवढी आत घाल. आकड्याला आड येत न्हाय, पर बरी दिसत न्हाय."

मला बाहेर येताना आडवे व्हावे लागले होते. ते सरळ चालत आत गेले. त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा उरली. मामांनी कडी लावली.

खेळ सुरू झाला. मी पाय ढकलला आणि बर्फाने मला नेले. पाठीवरचे कापड खांद्यापासून सुटले, फुगले आणि पुन्हा अंगाला आले. टाक्यांचा एक बारीक आवाज होत होता. शीतगृहात दुसरा कुठलाही आवाज नव्हता, तरी तो काचेपलीकडे जाईल असे मला वाटले नाही.

मी कोंडवाड्याकडे पाहिले. आबांच्या श्वासाने काच आतून पांढरी झाली होती. ते मफलरच्या टोकाने ती पुसत होते. काचेत एक वर्तुळ उघडले, त्यात चष्म्याची एक बाजू दिसली, मग वर्तुळ मिटले. त्याच्या खाली दुसरे उघडले, पहिल्यापेक्षा लहान.

बाजीने चकती माझ्याकडे सोडली होती. आकडा आबांना दिसायचा, तर मला त्यांच्याकडे पाठ करावी लागणार होती. तिसरे वर्तुळ रुपयाएवढे होते. मी वळलो.