बुधवारचं पाणी

मी होडी आहे, आणि येरवड्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून बोलतेय. हसू नका. माझ्या एका बाजूला स्कूटर उभी असते, दुसऱ्या बाजूला पाण्याची मोटर. इथे मी सुतारकामाच्या दोन घोड्यांवर आडवी पडून असते. जन्मले तेव्हापासून मला एकच काळजी आहे, ती सांगते.

मला बनवलं मकबूलभाईंनी. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या ओट्याखाली मरीन प्लाय बसवला. पाण्यात टिकावा म्हणून केलेला तो प्लाय बिचारा सिंकमधून गळणाऱ्या चार थेंबांपलीकडे पाणी बघतच नाही. दुकान बंद करताना काही तक्ते उरले, तेव्हा ते म्हणाले, "एकदा तरी याला खरं पाणी दाखवू." तरुणपणी बंडगार्डनच्या पुलावर सायकल लावून ते नदीत वल्ही मारणारी पोरं बघत उभे राहायचे. आता त्या नदीत जलपर्णी आणि वास, पण हौस काही गेली नाही.

मोबाइलवर बघून बघून त्यांनी मला घडवलं. तक्ते कापले, तांब्याच्या तारेने शिवले आणि शिवणीत रेझिन भरलं. काम झालं की संध्याकाळी खुर्ची टाकून चहा पीत माझ्याशी बोलत बसायचे. "होडीला ब्रेक नसतो," ते म्हणायचे, "म्हणून होडीवाल्याला आधीच विचार करावा लागतो. आपल्या गावातल्या टू-व्हीलरवाल्यांना महिनाभर होडी चालवायला दिली पाहिजे." कधी म्हणायचे, "वल्हवताना पुढच्या दिशेला पाठ करून बसायचं, कुठून आलो ते दिसतं, कुठे चाललो ते नाही. रिटायरमेंट अशीच असते." मला हे बोलणं फार आवडायचं. त्यांच्या बेगम, रशीदाभाभी, जिन्यावरून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "एवढं माझ्याशी बोलला असतात तर मीही तरंगले असते."

घरात ही माणसं आपली दखनी बोलतात, पण पार्किंगमध्ये शेजारच्या दुर्गाबाई असतात, म्हणून इथे मराठी.

एका संध्याकाळी रेझिन संपलं. माझ्या पोटाखाली, पुढच्या फळीच्या बरोबर खाली, वीतभर शिवण उघडी राहिली होती. फर्निचरवाल्याला उघडी फट बघवत नाही. त्यांनी कपाटांच्या खाचा बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टी, घेतली, पात्याने सफाईने भरली आणि म्हणाले, "तात्पुरती. उद्या काढून रेझिन भरतो."

तो उद्या आलाच नाही. सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, स्टेंट टाकली. ते घरी येईपर्यंत त्यांच्या मुलाने, इरफानने, खराडीच्या ऑफिसातून सुट्टी काढून मला रंगवून ठेवलं. वर पांढरा, खाली निळा, आणि रंगाचे तीन हात. अब्बूंना आनंद व्हावा म्हणून. झालाही. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले. लांबी भरली त्या संध्याकाळचं मात्र त्यांना काहीच आठवत नव्हतं.

फट आता फक्त मला माहीत होती. लांबी पाण्यात टिकत नाही, पिठासारखी सुटते. हे जगात सगळ्यात चांगलं ज्यांना माहीत, तेच विसरले होते.

मग रविवार ठरला. धरणाच्या कडेला त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाईकाचं शेत होतं, तिथून मला पाण्यात सोडायचं. इरफानची मुलगी अर्शिया, दुसरीतली, रोज खाली येऊन माझ्यात बसून बघायची. "दादाजान, मी पुढच्या फळीवर बसणार."

"तूच बसणार. तू माझी कॅप्टन."

तिला पोहता येत नव्हतं. ती फळीवर बसून टाचा आपटायची आणि त्या टाचांखाली ती वीतभर शिवण असायची. माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. मी करकरले. मकबूलभाई म्हणाले, "लाकूड आहे, उन्हाने बोलतंय." एवढंच तर मला येतं, आणि त्याचा अर्थ त्यांनी उन्हावर ढकलला. जिला बुडायचंय तिला सांगता येत नाही आणि ज्यांना सांगायचंय ते चहा पितायत, असे ते दिवस गेले.

बुधवारी सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप आला, गुरुवारी पाणी बंद. असा निरोप आला की पुण्यातली माणसं घरात जे जे खोलगट असेल ते भरून ठेवतात. मकबूलभाई टेम्पो ठरवायला बाहेर गेले होते. रशीदाभाभी पाइप घेऊन पार्किंगमध्ये उतरल्या. ड्रम भरला, बादल्या भरल्या, शेवटी कुकरसुद्धा. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"ही पाणी बाहेर ठेवणार असेल," त्या दुर्गाबाईंना म्हणाल्या, "तर आतही ठेवेल की. वर्षभर पार्किंग अडवून बसलीये, एक दिवस कामाला येऊ दे."

दुर्गाबाई नागपूरकडच्या. म्हणाल्या, "भाई रागावतीन बरं, भाभी."

"रागावू द्या. अंघोळीला पाणी लागेल तेव्हा गार होतील."

आणि पाइप माझ्यात आला. मी पाणी पहिल्यांदा पाहिलं ते असं, उलट्या बाजूने. गार वाटलं. भीती वाटली. ते वीतभर चढलं, फळीखाली गेलं आणि लांबीपाशी येऊन थांबलं.

आता ऐका. पाणी अडवणं हा माझ्या अंगाचा धर्म. गळणं ही होडीची सगळ्यात मोठी नामुष्की. माझे तक्ते फुगून आपोआप शिवण आवळायला लागले. पण मला कळत होतं, आज मी नीट धरून ठेवलं तर उद्या हे लोक तांब्याने पाणी उपसतील, म्हणतील, "बघा, थेंब गळला नाही," आणि रविवारी ती पोर निर्धास्त त्या फळीवर बसेल. म्हणून मी अंग सैल सोडलं. कदाचित लांबी तिची तीच विरघळली असेल. पण मला वाटतं, मी सोडलं.

मकबूलभाई परत आले. मला भरलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला. "रशीदा, ही होडी आहे, हौद नाही."

"हौद गळत नाही," भाभी म्हणाल्या आणि खाली बोट दाखवलं.

फरशीवर थारोळं झालं होतं. मकबूलभाई गुडघ्यावर बसले आणि माझ्या पोटाखाली हात घातला. रंगाला पापुद्रा आला होता. बोटाला पांढरी पेस्ट लागली. त्यांनी ती चोळून पाहिली, वास घेतला. मग ते तिथेच ओल्या फरशीवर बसले.

"लांबी आहे," ते म्हणाले. "मीच भरली होती. अर्शिया इथेच बसणार होती, रशीदा."

भाभींनी एक रिकामी बादली आणून माझ्याखाली सरकवली आणि नवऱ्याला दंडाला धरून उठवलं.

संध्याकाळी इरफान आला. "अब्बू, मी नुसता रंग मारत गेलो. खाली नीट पाहिलंच नाही."

"रंग छान मारलास," मकबूलभाई म्हणाले. "म्हणून तर काही दिसलं नाही."

रविवार रद्द झाला. त्यांनी ती शिवण खरवडून काढली, रेझिन भरलं, वरून काचेच्या धाग्यांचं कापड चिकटवलं. आता दर बुधवारी ते स्वतः मला भरतात आणि रात्रभर खाली कोरडा कागद पसरून ठेवतात. कागद कोरडाच राहतो. त्या पाण्याने गुरुवारी सगळ्या बिल्डिंगच्या गाड्या धुतल्या जातात.

आज पुन्हा रविवार आहे. ठरवलेला टेम्पो दारात उभा आहे, आणि मला दोराने बांधून झालंय. निघायच्या आधी रशीदाभाभी खाली आल्या. आजवर त्यांनी मला पाइपाखेरीज कशानेच हात लावला नव्हता. आज वाकून त्यांनी त्या शिवणीवरून तळहात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा उलटा. मग मकबूलभाईंना विचारलं, "लाइफ जॅकेट दोनच घेतलीत?"

"हो. माझं आणि अर्शियाचं."

"इरफानला सांगा, तिसरं आण. पोरीच्या मागे मी बसणार आहे."

असं ऐकल्यावर दुसरी एखादी होडी सुखावली असती. मला मात्र नवी काळजी लागलीये, तीन जिवांची. तुमच्यापैकी कोणाच्या पार्किंगमध्ये, गच्चीवर कोणी हौसेने केलेली होडी पडून असेल, तर तिचा रंग बघू नका. तिच्या पोटाखाली हात घाला. ती करकरली तर उन्हाला बोल लावू नका.

टेम्पो हलला. अर्शिया हात हलवतेय. मी शिवण आवळून धरलीये, आणि या वेळी सोडणार नाही.