शेवटचं आदण

“आता बघ! धर हात एसीच्या जाळीपुढं!” उघड्या बॉनेटमागून आकाराम ओरडला.

पुढच्या सीटवर बसलेल्या त्याच्या बायकोनं, अक्काताईनं, हात धरला. “वारं लई हाय. पण गार न्हाय की वो!”

“आसं कसं न्हाय?” आकारामनं हातातलं फडकं बंपरवर आपटलं आणि पुन्हा इंजिनात डोकं घातलं.

राजारामपुरीतल्या त्या बोळात मार्चचं ऊन कडक पडलं होतं. आकारामची उमर दुसऱ्याची गाडी चालवण्यात गेली होती. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांची जुनी पांढरी मोटार त्यानं हट्टानं आपल्याकडं घेतली, ती एसीसाठीच. तो एसी आज अंग चोरत होता. सोमवार असल्यानं मिस्त्रीचं गॅरेज बंद होतं आणि उद्यापर्यंत थांबायची सोय नव्हती.

सकाळी शेजारच्या घरी फोन आला होता. पेठ वडगावच्या अलीकडल्या गुऱ्हाळावरून झुंबरबाईनं निरोप दिला होता, “बनीला म्हणावं, आज शेवटचं आदण हाय. उद्यापास्नं चुलवाण कायमचं इझतंय.”

बनी म्हणजे आकारामची आई, बनाबाई. नवरा गेल्यावर ती त्याच गुऱ्हाळाच्या चुलवाणाशी, गुळाच्या भट्टीशी, जाळ घालायला बसली. उसाच्या रसाचं एकेक आदण मोठ्या काहिलीत कढायचं, तिच्याखाली वाळली चिपाडं सारत तिनं आकारामला वाढवलं. पलीकडच्या बाजूनं जाळ घालायला झुंबरबाई असायची. पण उतारवयात बनाबाईला ऊन सोसेना. मागच्या खेपेला एस.टी.तच तिला घेरी आली, शिरोलीच्या फाट्यावर उतरवून झाडाखाली झोपवावी लागली. तेव्हापासून ती तिकडं फिरकली नव्हती.

आज मात्र ती सकाळपासून इरकली लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती.

“आका, न्हाय जमत तर ऱ्हाऊ दे बाबा,” ती म्हणाली. पिशवी मात्र मांडीवरून खाली ठेवली नाही.

“जमतंय आये! जरा दम धर!”

गॅस संपला असेल, हा त्याचा पहिला संशय. पण गॅस कमी असला की एसीच्या बाटलीवरच्या काचेच्या टिकलीत फेस दिसतो, तो दिसत नव्हता. नळ्यांच्या सांध्यांना त्यानं साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा उठला नाही. मग एकदम त्याला आठवलं.

“अगं, हायवेला गाडी गार पडती! गावात आली की सुस्तावती!”

“मग?”

“मग काय? थांबल्यावर पुढनं वारं मिळत न्हाय तिला!”

रेडिएटरपुढची एसीची जाळी तर समोरून स्वच्छ दिसत होती. त्यानं दोन नट काढून ती जरा पुढं ओढली आणि मागं बॅटरी मारली. आत, रेडिएटरच्या बाजूला, उसाचा पाला, किडे आणि धूळ यांचा गोधडीसारखा थर बसला होता. “सापडलं!” तो एवढ्यांदा ओरडला की समोरच्या क्लासमधली पोरं खिडकीशी आली. अक्काताईनं बादल्या आणल्या, त्यानं मागून पाणी मारलं. काळं पाणी बोळभर वाहिलं.

गाडी चालू केली. अक्काताईनं हात धरला.

“व्हय! सुधारलंय!” ती म्हणाली, आणि लगेच पाय वर घेतले. “पण अवो, पायाला झळ लागतीया.”

“उनाची आसंल.”

“उनाची कशी? बोर्डाखालनं येतीया. इथं नळी हाय, बघा, हात ठरंना!”

आकाराम बघतच राहिला. मग टुणकन उडी मारून गाडीत शिरला आणि डॅशबोर्डाखाली उताणा झाला. ती हीटरची नळी. हीटर बंद करायच्या दांड्याची तार तुटली होती आणि इंजिनाचं कढत पाणी आत खेळत होतं. एसी गार करायचा, हीटर तापवायचा!

“आगं माझे बाई! तुला मिस्त्री करायला पायजे!”

हीटरचा कॉक त्यानं पकडीनं फिरवून बंद केला, वरून तार आवळली. थोड्या वेळानं जाळीतून असा गार झोत आला की अक्काताईनं तोंडच पुढं केलं. “आत्ती, उठा! लवकर या!”

बनाबाई मागच्या सीटवर टेकली. शिरोली मागं पडली तरी तिला घेरी आली नाही. उलट ती सारखी पुढं वाकून विचारत होती, “आका, आदण उतरलं नसंल न्हवं?”

उतरलं नव्हतं. काहिलीला नुकती उकळी फुटत होती. चुलवाणाच्या तोंडाशी घामानं निथळणारी झुंबरबाई एकटीच बसली होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग बनाबाईनं तिला दंडाला धरून गाडीकडं आणलं आणि आपल्या जागेवर बसवलं.

“अगं, जाळ कोण घालणार?” झुंबरबाई उठू लागली.

“मी घालतो. तू बस,” बनाबाई म्हणाली.

“आये, ऊन सोसत न्हाय तुला...” आकाराम पुढं झाला.

“एवढं आदण, आका.”

तो थांबला. गाडी त्यानं चालूच ठेवली. आत झुंबरबाईनं घामेजलेले हात जाळीसमोर धरले होते, डोळे मिटले होते.

“मावशी, गार लागतंय न्हवं?”

“बोलू नगंस, लेकरा,” ती डोळे न उघडता म्हणाली.

काहिलीजवळून गुळव्याची हाक आली, “जाळ वाढवा!”

बनाबाईनं लुगड्याचा पदर खोचला, चिपाडांची कवळ उचलली आणि चुलवाणाच्या तोंडात सारली.