निळं पिंप

कारखान्यातली रिकामी पिंपं कुणाला द्यायची हे स्टोअरकीपर ठरवायचा, आणि स्टोअरकीपर होता दादा. साहेबांच्या लेखी तो फेकायचा माल, कामगारांच्या लेखी सोनं. इतकं जाड प्लास्टिक, इतकं घट्ट झाकण बाजारात कुठे मिळतं? तळाशी डिंकासारखं चिकटवायला वापरायचं रासायनिक द्रावण उरलेलं असे, पण साबणाने धुतलं की झालं, असं सगळेच म्हणत. एकापेक्षा एक शहाणे होते तिथे.

त्यातलं सगळ्यात देखणं पिंप दादाने धाकट्या बहिणीला संसारासाठी नेऊन दिलं. त्यावर कवटीचं चित्र होतं. पाण्याच्या पिंपावर असलं अभद्र काही बहिणीला खपायचं नाही, म्हणून त्याने ते घासूनघासून खरवडून काढलं. केवढी ती माया! आठ-पंधरा दिवस पाण्याला वास आला, मग गेला. की नाकालाच सवय झाली, कोण जाणे. बहीण शेजारणींना ऐटीत सांगायची, "आमच्या दादाने दिलंय."

आता, पंचवीसेक वर्षांनी, तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "रसायनांशी कधी संबंध आला होता?"

ती हसली. "रसायनं आमच्या दादाकडे. मी आपली घरात."

दादा शेजारीच होता. तो हातातले रिपोर्ट चाळत राहिला. आजार कशाने झाला हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते, पण दादाच्या डोळ्यांपुढे ते निळं पिंप आलं ते आलंच.

दुसऱ्या दिवशी तो बाजारातून नवं पिंप घेऊन तिच्याकडे गेला. जुनं गुपचूप उचलायचं की विषय मिटला, असा त्याचा हिशोब. मोरीत जुन्याच्या जागी नुसतं ओलं वर्तुळ होतं.

"अरे, सकाळीच लेकीकडे पाठवलं," बहीण म्हणाली. "बाळंतपण तोंडावर आलंय तिचं, पाणी साठवायला काही नको का? माझं काय, आज आहे उद्या नाही."

"ते परत आणायला हवं."

"का रे?"

दादाने नवं पिंप खाली ठेवलं. "त्यात विष असायचं. तुला दिलं त्याच्या आधी."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"वर चित्र होतं. मीच खरवडलं."

तिने पदर खोचला. चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने तेवढंही केलं नाही.

"ते नवं उचल," ती म्हणाली. "आधी पोरीकडे चल."

आजारी पडल्यापासून जिना उतरताना ती दादाचा हात धरायची. त्याने सवयीने हात पुढे केला. ती भिंतीला धरून उतरली.